भास्कराचार्य आणि न थांबणारे चाक



रेखांश मोजताना आज ग्रिनिचची रेषा शून्य धरतात. प्राचीन भारतीय ज्योतिषात हा मान आपल्या उज्जयिनीच्या रेषेला होता. याच रेषेवरून ग्रहगणित मांडणारे थोर गणिती म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचे चार भाग. ६९व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले.

‘गोलाध्याया’त त्यांनी आपोआप फिरणाऱ्या एका चाकाचे वर्णन केले आहे. चाक हलक्या लाकडाचे. आरे पोकळ, सारख्या अंतरावर आणि किंचित वाकडे. ते पाऱ्याने अर्धे भरून तोंडे बंद करायची. चाक आसावर बसवले की आतला पारा सरकत राहील आणि चाक फिरतच राहील, अशी ही कल्पना.

प्रत्यक्षात असे चाक थांबते. पारा खाली येताना जेवढा जोर देतो, तेवढाच तो वर चढवताना खर्च होतो. शिल्लक काहीच उरत नाही. त्यातच घर्षण आपला वाटा घेते. आस कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि गतीची उष्णता होते. भार वाढला की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. फ्रान्समध्ये आमोंतों यांनी १६९९ मध्ये आणि कूलंब यांनी १७८१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पारा तर पाण्याच्या साडेतेरा पट जड! म्हणजे ज्याने चाक फिरवायचे, तोच आसावरचा भार वाढवतो.

घरी सायकल उलटी ठेवून चाक फिरवा व ते थांबेपर्यंतचा वेळ मोजा. मग आसाला तेल देऊन तेवढ्याच जोराने पुन्हा फिरवा. वेळ वाढेल, पण चाक थांबेलच. घर्षण शत्रूच आहे असे मात्र समजू नका. क्षिप्रेच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पूर्वजांच्या ग्रंथांची नुसती पूजा न करता ते अभ्यासावेत, पडताळून पाहावेत. त्यांचे गणित खरे ठरते तेव्हा अभिमान वाटावा, आणि चाक थांबते तेव्हा ते का थांबले हे विचारावे. आचार्यांना खरे वंदन तेच.