परक्यांसाठी पदर पसरणाऱ्या पंडिता रमाबाई



आपल्या भुकूम-पिरंगुटच्या परिसरात बांधकामांवर आणि कारखान्यांत काम करणारी कितीतरी कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेली आहेत. त्यांची भाषा वेगळी, ओळखपाळख नाही, अडीअडचणीला धावून येईल असे माणूस जवळ नाही. अशा लोकांसाठी काही करावे असे आपल्याला वाटते. पण त्यासाठी चार घरी जाऊन पैसे मागायची वेळ आली की आपले पाय जड होतात. मागायची लाज वाटते. म्हणूनच आज एका अशा स्त्रीची ओळख करून घेऊ, जिने ही लाज लहानपणी फार जवळून पाहिली आणि पुढे परक्यांसाठी सातासमुद्रापलीकडे जाऊन पदर पसरला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने रमाला शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत पुराणे सांगू लागले. श्रोते जे देतील त्यावर घर चाले. 1870 च्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला आणि देणारे हातच रिकामे झाले. घरातली भांडीकुंडी विकून झाली. विद्वान ब्राह्मणाच्या कुटुंबाला मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागणे अभिमानाला पटत नव्हते. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली रमा व तिचा भाऊ श्रीनिवास अर्धा भारत पायी तुडवत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. न मागण्याच्या अभिमानाची किंमत किती मोठी असते, हे रमाबाई कधी विसरल्या नाहीत.

कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृतवरील प्रभुत्वाचा गौरव करून त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. 1881 साली मनोरमा ही मुलगी झाली, आणि 1882 साली पतीचेही निधन झाले. तेवीस वर्षांची ही विधवा मांडीवरचे मूल घेऊन पुण्याला आली. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून 1883 साली इंग्लंडला जाण्याचा खर्च उभा राहिला. स्वतःच्या प्रवासासाठी त्यांनी लेखणीचा आधार घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पण ख्रिस्ती सेवेचा जो मार्ग त्यांनी महाराष्ट्रात आखला, त्यापासून शिकण्यास पंथाची भिंत आड येत नाही.

1886 च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. तो दोन वर्षांहून अधिक लांबला. भारतातील बालविधवांसाठी निवासी शाळा काढायची, त्यासाठी पैसा उभा करायचा, हा निश्चय करून त्या गावोगाव फिरल्या व व्याख्याने दिली. 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडले यांनी त्याला प्रस्तावना दिली. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या.

डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिची रचना नीट पाहावी. रमाबाई एखाद्या श्रीमंताच्या एका मोठ्या देणगीवर विसंबल्या नाहीत. गावोगावी छोटी मंडळे निघाली आणि सभासदांनी दहा वर्षे दरसाल ठरावीक मदत देण्याचे वचन दिले. त्यामुळे अनेकांच्या थोड्या थोड्या पैशांतून दहा वर्षांची शाश्वती मिळाली. पैशाबरोबर एक अटही आली. शाळेत कोणताही धर्म शिकवायचा नाही आणि मुलींना त्यांचे आचार पाळू द्यायचे. रमाबाईंनी ती मान्य केली.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, आणि कर्व्यांच्या आश्रमासाठी त्यांनीही दारोदार वर्गणी मागितली. त्याच 1889 साली रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेला भारताची दुःखे सांगणाऱ्या या बाईंनी मराठी वाचकांना अमेरिकेचे गुण सांगितले, तसेच तेथे आदिवासींवर व काळ्या लोकांवर होणारा अन्यायही लपवला नाही.

याच महिन्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक स्त्री कामाला लागत होती. 31 मार्च 1889 रोजी मदर फ्रान्सिस कॅब्रिनी न्यूयॉर्कला उतरल्या. इटलीहून पोट भरण्यासाठी आलेल्या गरीब लोकांची तेथे दैना होती. मदर कॅब्रिनींनीही दारोदार फिरून मागितले आणि अनाथाश्रम, शाळा व रुग्णालये उभी केली. 1946 साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले आणि 1950 साली पोप बारावे पायस यांनी त्यांना स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत म्हणून मान दिला. या दोघी एकमेकींना भेटल्याची नोंद नाही. पण दोघींचे काम एकाच जातीचे होते.

पैसा मागणाऱ्यावर संशय येतोच, तसा तो रमाबाईंवरही आला. 1890 साली शारदा सदन पुण्याला हलले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. 1893 साली यावरून मोठे वादळ उठले. धर्म न शिकवण्याचे वचन मोडले असा आरोप झाला व 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. मी कोणाला बोलावले नाही आणि आलेल्यांना हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. बॉस्टनच्या मंडळाने मदत थांबवली नाही. तरी टीकाकारांचे म्हणणे अगदी पोकळ होते असे म्हणता येत नाही. दात्याची अट आणि आपली श्रद्धा यांत ओढाताण झाली की सेवकाची कसोटी लागते. दुसरा आरोप असा की परदेशात विधवांचे दुःख रंगवून देशाची बदनामी होते. 1895 साली ब्रुकलिनमध्ये तेथील रमाबाई मंडळ व स्वामी विवेकानंद यांच्यात यावरून जाहीर वाद झाला. दुःखिताची कहाणी सांगितल्याशिवाय मदत मिळत नाही, आणि ती सांगताना त्याचा मान राखणे सोपे नसते. हा प्रश्न आजही प्रत्येक सेवासंस्थेपुढे आहे.

दहा वर्षांनंतर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली व फळझाडे लावली. परक्या पैशावर कायम न राहता संस्थेने आपल्या पायावर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू.

देवाने त्या जमिनीचा उपयोग वेगळाच केला. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या, मदतकेंद्रांतली व रस्त्यांवरची दशा पाहिली, आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. हातात तेवढा पैसा नव्हता. जे पाहिले ते त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. 1897 साली पुण्यात प्लेग असताना सरकारी रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यावरही त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. सरकारची मर्जी जाईल म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत.

1898 साली वचनाची दहा वर्षे पुरी झाली, तेव्हा त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि दात्यांसमोर उभे राहून दहा वर्षांच्या कामाचा वृत्तांत दिला. जुने मंडळ विसर्जित होऊन नवे मंडळ स्थापन झाले. केडगावचे 'मुक्ती' मात्र उघडपणे ख्रिस्ती सेवाकार्य म्हणून वाढले. आता संदिग्धता उरली नाही. देणाऱ्याला आपण कशासाठी देतो हे स्पष्ट कळत होते. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांच्या वर गेली. वेगळ्या प्रांतातल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या या मुली केडगावला परक्याच होत्या. त्यांच्यासाठी शाळा, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींना ब्रेल लिपीचे शिक्षण असे एकेक काम उभे राहिले. 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रकातून संस्थेची हालहवाल दूरदूरच्या मित्रांपर्यंत जाऊ लागली.

1919 साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. 1921 साली मनोरमा गेली. त्या दुःखातही त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. 1989 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्तीचे काम केडगावला आजही चालू आहे.

बंधू-भगिनींनो, शेवटच्या न्यायाविषयी बोलताना प्रभू येशूने भुकेला आणि परका यांना एकत्र ठेवले आहे, आणि त्या दोघांत स्वतःला पाहायला सांगितले आहे. परक्यासाठी मागणे हा कमीपणा नव्हे; तीही सेवाच आहे. मात्र मागताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे रमाबाईंच्या जीवनावरून दिसते. ज्याच्यासाठी मागतो त्याची स्थिती स्वतः जाऊन पाहावी. ती खरी सांगावी, त्याचा मान राखून. आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब न मागता द्यावा. आपल्या धर्मग्रामातही मदतफेरी निघते, पाकिटे वाटली जातात. पाकीट घेऊन दारात येणाऱ्या भावाबहिणीला आत बोलवा, पाणी द्या आणि हा पैसा कोणाकडे जाणार हेही विचारा. कदाचित तो आपल्याच रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे जाणार असेल, आणि आपल्याला त्यांचे नावही ठाऊक नसेल.