रयतेला राज्य देणारा राजा

इंग्लंडच्या इतिहासात राजा आणि पार्लमेंट यांच्यातील झगडा हे फार लांबलेले आणि रक्ताने माखलेले प्रकरण आहे. १२१५ साली सरदारांनी जॉन राजाला अडवून त्याच्याकडून हक्कांची सनद मिळविली, तेथपासून या झगड्याची कथा सांगतात. पहिल्या चार्ल्स राजाने १६२९ साली पार्लमेंट बरखास्त केले आणि पुढील अकरा वर्षे एकट्याच्या मर्जीने कारभार हाकला. १६४२ च्या जानेवारीत पाच सभासदांना पकडण्यासाठी तो सशस्त्र शिपायांसह सभागृहात शिरला. परंतु ते पाचही जण आधीच निसटले होते. त्यानंतर यादवी युद्ध पेटले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी खुद्द राजाचाच शिरच्छेद झाला. पुढे १६८९ साली हक्कांचा कायदा होऊन पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवू नये हे तत्त्व पक्के झाले. साऱ्या झगड्याचे मूळ पाहू गेल्यास ते एकाच प्रश्नात सापडते. तो प्रश्न म्हणजे राज्याच्या तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती असावी?

हा पाठ वर्गात शिकविताना विद्यार्थी हटकून एक शंका काढतात. राजाकडून सत्ता घ्यायची तर रक्त सांडलेच पाहिजे काय? आपल्या भोपाळकरांना ही शंका पडावी यात नवल नाही. देश स्वतंत्र झाल्यावरही भोपाळ संस्थान भारतात विलीन व्हावे म्हणून येथील प्रजेला चळवळ करावी लागली. १४ जानेवारी १९४९ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठी बोरास येथे तिरंगा हाती घेतलेले तरुण गोळीबारात बळी पडले. त्यानंतर १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारकडे आला. तेव्हा सत्ता सुखासुखी सुटत नाही, हा अनुभव आपल्या घरचाच आहे.

परंतु याला एक अपवादही आपल्याच देशात घडून गेला. त्या अपवादाचे नाव औंध, आणि तो घडविणारे राजे म्हणजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

औंध हे सातारा जिल्ह्यातील गाव यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथील राजघराण्याचे 'प्रतिनिधी' हे आडनाव मुळात एका पदाचे नाव आहे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना हे पद निर्माण झाले. त्याचा अर्थ राजाच्या वतीने कारभार पाहणारा, राजाचा प्रतिनिधी. पुढे परशुराम त्रिंबक यांना हे पद मिळाले आणि ते त्यांच्या वंशात चालत राहिले. मराठेशाही बुडाल्यावर या घराण्याकडे जे संस्थान उरले ते अगदी लहान होते. सुमारे पाचशे चौरस मैल मुलूख, बहात्तर गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास लोकवस्ती. तोही मुलूख सलग नव्हता. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, दुष्काळी आटपाडी तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूर जिल्ह्यात, अशी त्याची विखुरलेली स्थिती होती.

या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. ते धाकटे पुत्र असल्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि नंतर वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानच्या चिटणिशीचे काम केले. कागदपत्र, वसुली, तक्रारी यांची ओळख त्यांना राजा होण्यापूर्वीच झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वडिलांच्या मागे थोरले बंधू आणि त्यांच्या मागे पुतणे गादीवर आले. इंग्रज सरकारने त्या पुतण्यास पदच्युत केले, तेव्हा ४ नोव्हेंबर १९०९ रोजी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी बाळासाहेब राजे झाले.

त्यांच्या अंगी अनेक गुण एकत्र नांदत होते. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. त्यांनी रामायणातील प्रसंगांची चित्रमालिका काढली. ते कीर्तनही करीत. तरुणपणी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करणारे बाळासाहेब पुढे सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे असे कट्टर पुरस्कर्ते बनले की संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार हा नित्यक्रमच झाला. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक परदेशांतही वाचले गेले. महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्याच्या पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या कार्यास त्यांनी मोठे साहाय्य केले. औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात देशी व विदेशी चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या कृती आहेत. १९३५ साली आपल्या शेजारच्या इंदूर नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले होते.

गुणी माणसांना आसरा देणे हा तर त्यांचा स्वभावच होता. बेळगावची जागा सोडावी लागल्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर अडचणीत आले, तेव्हा १९१० साली बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा माळ देऊ केला. निवडुंगाच्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इंग्रज सरकारच्या रोषामुळे लाहोर सोडावे लागलेले, सावंतवाडीकडील कोलगावचे सुपुत्र, वेदपंडित सातवळेकर यांनाही औंधनेच थारा दिला. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर यांच्या विद्यार्थिदशेतील काही काळ औंधच्या शाळेत गेला.

एवढ्यावरच चरित्र संपले असते तर एक रसिक आणि उदार राजा म्हणून आपण बाळासाहेबांना वंदन करून थांबलो असतो. परंतु औदार्य निराळे आणि अधिकार देणे निराळे. उदार राजा आज जे देतो ते उद्या त्याचा वारस काढून घेऊ शकतो. रयतेने हात पसरावा आणि राजाने तो भरावा, यात राजा मोठा होतो, रयत मात्र आहे तेथेच राहते. बाळासाहेबांची थोरवी ही की, त्यांना हा भेद उमगला.

रयतेच्या सभेला कारभारात स्थान देण्यास त्यांनी पूर्वीच आरंभ केला होता. १९३८ साली मात्र त्यांनी निर्णायक पाऊल टाकले. त्या वर्षी देशभरच्या संस्थानांत जबाबदार राज्यपद्धतीची मागणी उठली होती. राजकोटच्या ठाकोरांनी प्रजेला दिलेले वचन मोडले आणि त्यापायी मार्च १९३९ मध्ये गांधीजींना उपोषण करावे लागले. त्याच काळात औंधच्या सत्तर वर्षांच्या राजाने आपण होऊन सर्व सत्ता प्रजेस देण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परतले होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर, जे पुढे भारतानंद म्हणून ओळखले गेले, या कार्यात त्यांचे सहकारी झाले. या मंडळींनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानची नवी घटना अमलात आली.

या घटनेचा पाया राजधानीत नव्हता; तो खेड्यात होता. प्रत्येक गावाने आपली पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांनी मिळून तालुक्याची सभा बनावी आणि तालुक्यांतून साऱ्या संस्थानची विधिसभा उभी राहावी, अशी तिची रचना होती. मतदाराला अक्षरओळख असावी असा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे साक्षरतेचे कार्य राज्यकारभाराचेच अंग बनले. राजाचा खाजगी खर्च मर्यादित झाला. म्हणजे ज्या तिजोरीच्या किल्लीसाठी इंग्लंडात यादवी माजली, ती किल्ली येथे राजाने स्वहस्ते प्रजेच्या सभेपुढे ठेवली.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक निराळीच वसाहत उभी राहिली. तेथे शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीवाचून, कुलपावाचून, शेती करीत राहण्याची मुभा होती. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट या प्रयोगावरून सुचला. प्रजेवर विश्वास टाकणारे राज्य कैद्यावरही विश्वास टाकते, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगाला मर्यादा होत्या, त्याही झाकून ठेवू नयेत. औंधच्या डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होतीच. अक्षरओळखीच्या अटीमुळे गरीब आणि निरक्षर माणूस सुरुवातीस मतापासून दूर राहिला. शिवाय नव्या कारभारातही राजपुत्र अप्पासाहेबांचे वजन मोठे होते, तेव्हा सत्ता राजवाड्यातून पूर्णपणे बाहेर पडली असे म्हणता येत नाही. शतकानुशतके मुजरा करण्याची सवय लागलेल्या माणसाला राजासमोर ताठ बसून नाही म्हणावयास शिकणे, हे एका घटनेने एका दिवसात साधणारे कार्य नव्हे.

असे असूनही कसोटीच्या वेळी औंध मागे हटले नाही. १९४२ च्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे गाव तर त्या चळवळीचे एक केंद्रच होते. इंग्रजांच्या पोलिसांनी पाठलाग चालविलेल्या कित्येक भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळाला. इंग्रज सरकारची इतराजी झाल्यास गादी जाते, हे पुतण्याच्या उदाहरणावरून बाळासाहेबांना पक्के ठाऊक होते, हे येथे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. नऊ वर्षांचा प्रयोग संपला. राजाबरोबर त्याची पंचायतींची घटनाही गेली. मोठ्या राज्याच्या चौकटीत ती चिमुकली व्यवस्था टिकली नाही. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांनी इहलोकीची यात्रा संपविली. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने साऱ्या देशातील ग्रामपंचायतींना घटनेचा आधार मिळाला आणि १९९४ साली आपल्या मध्य प्रदेशात त्यानुसार निवडणुका झाल्या. औंधच्या माळावर पेरलेले बी त्याच मातीत रुजले नाही. परंतु ती कल्पना वाया गेली नाही.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातील सर्वांत मोठा पालट एका शब्दात साठविलेला आहे. 'प्रतिनिधी' म्हणजे राजाच्या वतीने प्रजेवर हुकूम चालविणारा, हा त्या शब्दाचा अर्थ अडीचशे वर्षे औंधच्या राजवाड्यात नांदत होता. आज तुम्ही वर्गप्रतिनिधी निवडता, तुमचे आईवडील लोकप्रतिनिधी निवडतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा झालेला असतो. औंधच्या राजघराण्यात हा पालट तलवारीवाचून झाला. मात्र बाळासाहेबांनी दिलेले राज्य सांभाळावयाचे ते रयतेनेच, हेही त्या पालटातच आले. तुमच्या गावच्या पंचायतीचा हिशेब कोठे वाचावयास मिळतो, हे या सुटीत आपल्या घरी विचारून पाहा. तिजोरीची किल्ली आपल्या हाती आली आहे. ती गंजू न देणे आता आपले काम आहे.