मारिया मॉन्टेसरी: मागे पडलेल्या मुलांच्या बाई



शाळेचा निकाल लागला की आपल्या सेलूतही कुठे ना कुठे एखाद्या लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. लेकरू बोलायला चुणचुणीत असते, घरची कामे बिनचूक करते. पण वाचायला बसले की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. त्याला मठ्ठ किंवा आळशी म्हणून आपण मोकळे होतो. असा शिक्का मारण्याआधी आपण ज्यांची आठवण करावी, अशा एका बाईंचे चरित्र आज आम्ही सांगत आहोत.

मारिया मॉन्टेसरी ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत एका कॅथोलिक कुटुंबात झाला. मुलींनी डॉक्टर होण्याची तेव्हा रीत नव्हती. मृतदेहाचे विच्छेदन पुरुष विद्यार्थ्यांसोबत करू देत नसत. म्हणून वर्ग संपल्यावर त्या एकट्याच ते काम करीत. १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी मिळवली.

नोकरीत त्यांना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात जावे लागे. तेथे मतिमंद ठरवलेली मुले कोंडून ठेवलेली असत. जेवण झाल्यावर ती जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचत. सांभाळणाऱ्या बाईला ती हावरट वाटत. मारियाबाईंनी पाहिले, की त्या रिकाम्या खोलीत हातात धरायला दुसरे काहीच नव्हते. भूक पोटाची नव्हती, हातांची होती.

ईतार आणि सेगँ ह्या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांवर केलेले काम त्यांनी अभ्यासले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी शाळा निघाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. लाकडी अक्षरे त्यांनी मुलांच्या हाती दिली. मूल अक्षरावरून बोट फिरवी, डोळ्यांनी पाही, तोंडाने उच्चार करी. एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची. त्यांच्यातील काही मुले सर्वसाधारण मुलांसोबत लेखन-वाचनाच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. लोक चमत्कार म्हणू लागले. बाईंना मात्र प्रश्न पडला: ही मुले इतके शिकतात, तर आपल्या शाळांतील निरोगी मुले एवढ्यावरच का अडतात?

६ जानेवारी १९०७, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. लाकडी अक्षरे महाग पडत, म्हणून खरखरीत सँडपेपरची अक्षरे कापली. हीच पद्धत पुढे जगभर गेली.

स्वतःच्या जीवनात त्यांनी मोठे दुःख सोसले. १८९८ साली विवाहाविना झालेला मुलगा मारिओ त्यांना खेड्यात दुसऱ्यांकडे वाढवायला द्यावा लागला. तो पंधरा वर्षांचा झाल्यावर त्यांच्याकडे आला, तरी जगासमोर तो भाचा म्हणूनच वावरला. १९३९ साली दोघे भारतात आले. युद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरल्यावर १९४० साली इंग्रजांनी मारिओला तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला व्हाइसरॉयने त्याची सुटका केली आणि तारेत त्याला त्यांचा मुलगा म्हटले.

आपल्या सेवाग्रामला राहायला येण्याआधी, १९३१ साली, गांधीजी लंडनमध्ये मॉन्टेसरीबाईंना भेटले होते. पुढे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत त्यांनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. दोघांच्या वाटा वेगळ्या. पण हात चालला की बुद्धी चालते, हा विश्वास एकच. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी हाच विचार साध्या, स्वस्त साधनांतून रुजवला.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये मॉन्टेसरीबाईंचे निधन झाले.

एक गोष्ट येथे नीट समजून घेऊ. अध्ययन अक्षमता म्हणजे मतिमंदत्व नव्हे. बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडते. अशा मुलांना शिकवताना आजही डोळा, कान आणि हात एकत्र वापरतात: अक्षर मातीत गिरवणे, मोठ्याने उच्चारणे, शब्द तोडून पुन्हा जोडणे, थोडे थोडे पण रोज. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ह्या अडचणीचा समावेश आहे. तपासणी होऊन अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. म्हणून लाज न बाळगता शिक्षकांशी बोलावे आणि वेळेत तपासणी करून घ्यावी.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही वाचताना अडखळणारे मूल असेल. त्याला सर्वांसमोर वाचायला उभे करू नये. दाखला गोष्टीसारखा सांगावा, चित्र काढू द्यावे, मग त्याच्याच तोंडून ऐकावा. प्रभू येशूने लेकरांना जवळ घेतले, तेव्हा कोणाला वाचता येते हे विचारले नव्हते. आपणही तो हिशेब आधी मांडू नये.