वैद्यराज गेलन



स्मरणिकेसाठी यंदा एका थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यवाह बाईंनी मला सांगितले. मी अवघी सातवी शिकलेली. पण दुपारची आवराआवर झाली की वाचनालयाचे पुस्तक घेऊन बसायचा नाद मला पहिल्यापासून आहे. त्या वाचनात मला गेलन हा प्राचीन ग्रीक वैद्य भेटला. आपल्याकडचे युनानी हकीम ज्याला जालीनूस म्हणतात तोच हा. घरात आजारपण आले की जागरणे आपल्यालाच करावी लागतात, म्हणून त्याचे चरित्र आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

गेलनचा जन्म इ. स. १२९ मध्ये पर्गामम या शहरात झाला. ते आज तुर्कस्तानात असून त्याला बेर्गामा म्हणतात. त्या वेळी तेथे रोमन बादशहांचा अंमल होता. वडील निकॉन हे इमारती बांधण्याच्या कामात निष्णात, गणितात हुशार आणि स्वभावाने शांत. आई मात्र फार तापट. रागाच्या भरात ती मोलकरणींना चावत असे, असे गेलननेच लिहून ठेवले आहे. पोटच्या मुलाने असे लिहावे, हे वाचून मला वाईट वाटले. त्या माउलीची बाजू मात्र कोणीच लिहून ठेवलेली नाही.

पर्गामम येथे ॲस्क्लेपियस या आरोग्यदेवाचे मोठे देवस्थान होते. देवाच्या हातात काठी आणि काठीला साप वेढलेला. दूरदूरचे रोगी तेथे येत, पवित्र झऱ्याच्या पाण्याने स्नान करीत आणि रात्री देवस्थानातच झोपत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो अशी त्यांची श्रद्धा होती. कोणाला पथ्य, कोणाला स्नान, तर कोणाला व्यायाम सांगितला जाई. गेलन सोळा वर्षांचा असताना, मुलाला वैद्यकी शिकवावी, असे वडिलांनाही स्वप्न पडले. त्यांनी ते मनावर घेतले आणि त्याला चांगल्या गुरूंकडे घातले.

पुढे तीन-चार वर्षांत वडील वारले. तरी गेलनने शिक्षण सोडले नाही. स्मर्ना, कॉरिंथ आणि शेवटी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया, असा तो शिकत फिरला. अलेक्झांड्रियात माणसाचा खरा सांगाडा पाहायला मिळे. ती सोय इतरत्र नव्हती.

इ. स. १५७ मध्ये तो घरी परतला. तेव्हा लोकांच्या करमणुकीसाठी ग्लॅडिएटर नावाचे लढवय्ये आखाड्यात एकमेकांशी शस्त्रांनी झुंजत. त्यांचा वैद्य म्हणून गेलनची नेमणूक झाली. जखमेवर तो द्राक्षाच्या मद्यात भिजवलेल्या घड्या ठेवी आणि त्या सुकू देत नसे. त्याच्या हाताखाली पूर्वीपेक्षा फार कमी लोक दगावले, असे तो सांगतो.

इ. स. १६२ मध्ये तो रोमला गेला. तेथील एक हकीकत मला फार आवडली. जस्टस नावाच्या गृहस्थाच्या पत्नीला रात्र रात्र झोप येत नसे. काही विचारले तर ती तोंड फिरवून पडून राही. गेलनने तपासले, पण अंगात रोग दिसेना. एके दिवशी तो तिची नाडी धरून बसला असता कोणी तरी आले आणि पायलाडीस या नर्तकाचा नाच पाहून आल्याचे बोलले. त्याबरोबर तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला आणि नाडी वेडीवाकडी चालू लागली. गेलनने घाईने निष्कर्ष काढला नाही. पुढचे दोन दिवस त्याने मुद्दाम दुसऱ्या नर्तकांची नावे काढायला लावली. नाडी शांत राहिली. नंतरच्या दिवशी पायलाडीसचे नाव निघताच ती पुन्हा बिघडली. दुखणे शरीराचे नसून मनाचे होते. तिने कोणावर मन ठेवावे, हा आपला प्रश्न नाही. पण बाई सोंग करते असे म्हणून तो निघून गेला नाही, हे मला मोलाचे वाटते.

आमच्या सासूबाईही महिनोन्महिने रात्री जागत. एका डॉक्टरांनी हात न लावताच म्हातारपण म्हणून गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी जवळ बसून विचारले, तेव्हा तळपायाची आग होते असे त्या म्हणाल्या. रक्त तपासले तर साखर वाढलेली! विचारणारे माणूस भेटले म्हणूनच ते कळले.

गेलनची सारी हुशारी याच पाहण्यात होती. धमन्यांत हवा असते असे काही जुने वैद्य म्हणत. त्याने जनावराची धमनी दोन ठिकाणी बांधून मध्ये कापून दाखवली. आत रक्तच निघाले. विचार आणि वाणी यांचे स्थान हृदय, असे अनेक विद्वान मानीत. त्याने भरसभेत एका ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातील बारीक मज्जातंतू बांधले, आणि त्याचा आवाज बंद पडला. आवाजावर मेंदूची सत्ता चालते, हे असे सिद्ध झाले. मुक्या जिवाचे हाल वाचून अंगावर काटा येतो, पण ते ज्ञान आजही खरे आहे.

असा हा माणूस देवाला मानीत नव्हता काय? चांगलाच मानीत होता. तरुणपणी त्याला जीवघेणे गळू झाले होते; त्यातून ॲस्क्लेपियसनेच वाचवले, असे तो सांगे. पुढे साम्राज्यात मोठी साथ आली. ती बहुधा देवीची असावी, असे आज समजतात. त्या काळात मार्कस ऑरेलियस बादशहाने त्याला बोलावून घेतले आणि जर्मनीच्या मोहिमेवर चलण्यास सांगितले. देवाची आज्ञा नाही, असे सांगून गेलन मागे राहिला आणि राजपुत्र कॉमोडसची प्रकृती पाहू लागला. श्रद्धा होती, पण रोग्याजवळ बसल्यावर नाडी, लघवी आणि खाणेपिणे पाहायचे त्याने कधी सोडले नाही.

इ. स. १९२ मध्ये रोमला मोठी आग लागली. गेलनचे असंख्य ग्रंथ आणि मौल्यवान औषधे जळाली. त्यांत आपल्या डब्यात सहज असते ती दालचिनीही होती. तेव्हा ती राजाच्या भांडारात जपून ठेवण्याची वस्तू! पण तो रडत बसला नाही. दुःख कसे टाळावे यावरच त्याने एक पत्र लिहिले. ते हरवले आहे असेच सारे समजत होते, इ. स. २००५ मध्ये ग्रीसमधील थेसालोनिकीच्या एका मठात त्याची प्रत सापडली. इ. स. २१६ च्या सुमारास गेलन वारला असावा.

त्याच्या चुकाही सांगायला हव्यात. रोमन काळात माणसाचे शव फाडण्यास मोकळीक नव्हती, म्हणून माकडे आणि डुकरे यांच्यावरून त्याने माणसाचे शरीर ताडले. रक्त यकृतात तयार होऊन शरीरात खर्ची पडते, असेही तो मानी. पुढच्यांनी त्याचे शब्द वेदवाक्य मानले आणि तेराशे वर्षे चुका तशाच चालल्या. १५४३ मध्ये व्हेसॅलियसने स्वतः शवे उघडून त्या दाखवल्या. १६२८ मध्ये हार्वेने रक्त शरीरात फिरते हे सिद्ध केले. ज्याने आयुष्यभर स्वतः पाहा म्हणून सांगितले, त्याच्याच नावाने लोकांनी पाहणे सोडले!

भगिनींनो, आपल्याकडेही कावीळ झाली की आधी माळ घालतात, ताप चढला की अंगारा लावतात. देवापुढे दिवा अवश्य लावावा, मीही लावते. पण त्याच पावली रोग्याला नीट तपासणाऱ्याकडे न्यावे, आणि घरातली बाई दुखते म्हणाली तर तिचे ऐकून घ्यावे. गेलनच्या चरित्रातून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.