अश्वविद्येचा आचार्य झेनोफन

घोड्यावर मांड ठोकून दौडत जाणारे वीर इतिहासाच्या पानोपानी भेटतात. परंतु ज्या मुक्या प्राण्याच्या पाठीवर आपण बसलो आहोत, त्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करणारा वीर विरळाच. प्राचीन ग्रीस देशात असा एक पुरुष होऊन गेला. आपल्याकडे अश्वशास्त्र म्हटले की शालिहोत्राचे नाव घेतले जाते. पाश्चात्त्य देशांत तो मान झेनोफनाला मिळतो. त्याच्या चरित्राची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांना येथे करून देत आहोत.

झेनोफनाचा जन्म इ. स. पू. ४३० च्या सुमारास अथेन्स येथील एका सुखवस्तू कुटुंबात झाला. घोडा बाळगणे तेथे श्रीमंतांनाच परवडत असे; त्यामुळे अश्वारोहणाची गोडी त्याला लहानपणीच लागली असावी. त्याच्या तारुण्यातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका अरुंद गल्लीत तत्त्वज्ञ सॉक्रेटिसाने आपली काठी आडवी धरून त्याला अडविले आणि निरनिराळे जिन्नस कोठे विकत मिळतात ते विचारले. त्याने भराभर उत्तरे दिली. मग माणसे सज्जन कोठे होतात, असा प्रश्न येताच तो निरुत्तर झाला. तेव्हा सॉक्रेटिसाने त्याला आपल्यामागे येऊन शिकण्यास सांगितले आणि तो त्याचा शिष्य झाला.

इ. स. पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र धाकटा सायरस याने आपल्या थोरल्या भावाचे सिंहासन हिरावून घेण्यासाठी सैन्य जमविले. त्यात दहा हजारांहून अधिक ग्रीक होते. मित्राच्या निमंत्रणावरून झेनोफनही त्यांच्याबरोबर निघाला. बाबिलोनजवळ क्युनाक्सा येथील लढाईत सायरस मारला गेला. पुढे ग्रीकांच्या सेनापतींना इराण्यांनी विश्वासघाताने पकडून ठार केले. परक्या मुलखात निर्नायक झालेल्या त्या सैन्याने जे नवे नायक निवडले, त्यांत झेनोफन होता.

ग्रीकांजवळ घोडदळ नव्हते, याची सैनिकांना धास्ती वाटत होती. झेनोफनाने त्यांची समजूत घातली. घोड्याने चावून किंवा लाथ मारून लढाईत कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. स्वाराला शत्रूइतकीच खाली पडण्याची भीती असते. पायदळाचे पाय मात्र जमिनीवर घट्ट असतात, असे त्याने सांगितले. सैनिकांना धीर आला. परंतु लवकरच शत्रूच्या घोडेस्वारांनी त्यांना हैराण केले, तेव्हा सामानाच्या घोड्यांतून निवड करून सुमारे पन्नास स्वारांचे पथक त्याने उभे केले.

पुढे एका टेकडीची चढण चढताना घोड्यावर बसलेला झेनोफन सैनिकांना घाई करीत होता. सोटेरिडस नावाचा शिपाई कुरकुरला, की तू घोड्यावर आहेस आणि मी ढाल वाहून थकलो आहे. झेनोफन तत्काळ खाली उतरला, त्याची ढाल घेतली आणि अंगावर स्वाराचे जड चिलखत असतानाही रांगेतून पायी चालू लागला. शेवटी इतर सैनिकांनीच सोटेरिडसाला ढाल परत घेण्यास भाग पाडले.

आर्मेनियात घोडे पोटापर्यंत बर्फात रुतू लागले. तेथील एका गावप्रमुखाने घोड्यांच्या पायांना पिशव्या बांधण्याची युक्ती सांगितली. अशा शेकडो संकटांतून वाट काढीत ते सैन्य काळ्या समुद्रापर्यंत पोहोचले. मोहिमेच्या अखेरीस झेनोफनाजवळ घरी परतण्यापुरतेही द्रव्य उरले नव्हते. त्याने आपला आवडता घोडा पन्नास सुवर्णनाण्यांना विकला. ही गोष्ट कळताच दोघा परिचितांनी तो घोडा परत विकत घेऊन त्याच्या स्वाधीन केला आणि त्याची किंमत घेण्यास नकार दिला. त्याचे घोड्यावरील प्रेम त्यांना ठाऊक होते.

पुढे स्पार्टाचा राजा अगेसिलेअस याच्या बाजूला राहिलेल्या झेनोफनाला अथेन्सने हद्दपार केले. ऑलिंपियाजवळ स्किलस येथे त्याला जमीन मिळाली. तेथे त्याने शेती, शिकार आणि लेखन यांत पुष्कळ वर्षे घालविली. तरुण मित्रांना आपल्या दीर्घ अनुभवाचा लाभ व्हावा, या हेतूने त्याने अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. आपल्या आधी सायमन नावाच्या जाणकाराने या विषयावर लिहिले होते, हेही तो आदराने नमूद करतो.

घोडा पारखताना प्रथम पाय पाहावेत, असे तो म्हणतो. पाया कच्चा असेल तर वरचे घर सुंदर असून काय उपयोग? त्या काळी ग्रीकांना नाल ठाऊक नव्हते. म्हणून तबेल्याबाहेर गोल दगड पसरून त्यांवर घोडा उभा करावा, म्हणजे खूर कठीण होतात, असा उपाय तो सुचवितो. रिकीबही तेव्हा नव्हती. स्वाराची सारी भिस्त आपल्या मांडीवर आणि तोलावर असे.

शिंगरू चाबुकस्वाराकडे देण्यापूर्वीच ते माणसाळलेले असावे, यावर त्याचा भर आहे. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकांतात होतो, तर अन्न, पाणी आणि आराम माणसाकडून मिळतो, हे शिंगराला उमजले पाहिजे. मोतद्दाराने त्याला गर्दीतून हिंडवावे. ज्या वस्तूला ते बुजेल, तिच्याजवळ त्याला चुचकारून न्यावे. बुजलेल्या घोड्याला मारले तर भीती दुणावते. कारण झालेली वेदना त्या वस्तूपासूनच आली, असे त्याला वाटते. शिक्षा सर्वस्वी वर्ज्य आहे असे झेनोफन म्हणत नाही. परंतु रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नये, कारण रागात माणूस पुढे पस्तावेल असे काही करून बसतो. सांगितलेले काम केले की घोड्याला लगेच विसावा द्यावा. चाबकाने नाचविलेल्या नर्तकाच्या नृत्यात जसे सौंदर्य नसते, तसे जबरदस्तीने करविलेल्या घोड्याच्या चालीतही नसते.

हा उपदेश करणारा मनुष्य भाबडा नव्हता. मोहिमेत सैनिकांना मारल्याचा आरोप त्याच्यावर आला होता आणि तो त्याने नाकारला नाही. आजारी सोबत्याला वाहून नेण्याचे काम दिलेला एकजण त्या जिवंत माणसालाच पुरण्यासाठी खड्डा खणताना सापडला, तेव्हा आपण हात उगारला, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. कठोरपणा आणि क्रोध यांतील अंतर त्याने असे अनुभवाने जाणले होते.

इ. स. पू. ३७१ मधील ल्यूक्ट्राच्या लढाईनंतर स्किलसची जमीन त्याच्या हातून गेली. इ. स. पू. ३६२ मध्ये मँटिनियाजवळ त्याचा पुत्र ग्रिलस अथेन्सच्या घोडदळातून लढताना पडला. असे सांगतात, की ही वार्ता आली तेव्हा झेनोफन डोक्यावर पुष्पमाला घालून यज्ञ करीत होता. त्याने माला उतरविली. पण पुत्र शौर्याने लढत पडला, हे कळताच ती पुन्हा धारण केली. इ. स. पू. ३५४ च्या सुमारास त्याचे निधन झाले.

आमच्या वाचकांपैकी घोड्यावर बसण्याचा योग थोड्यांनाच येईल. परंतु घरचे वासरू, दारचे कुत्रे किंवा पाटीवर अक्षर गिरविताना घाबरणारे धाकटे भावंड सर्वांजवळ असते. चुकले की आधी ते का बुजले हे पाहावे, आणि स्वतःचा राग शांत झाल्यावरच त्याच्याजवळ जावे, एवढे झेनोफनापासून विद्यार्थ्यांनी शिकावे. आणि आम्हा शिक्षकांनीही.