शेंडगावचा डेबूजी घर सोडून का निघाला?

ग्रामपंचायतीत गाडगेबाबांचा फोटो असतो. ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाचं. पण बाबांनी खराटा का हाती घेतला असं पोरांना विचारा, साधू होते म्हणून, एवढंच सांगतात. खरं कारण त्यांच्या घरात होतं.

२३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात, परीट समाजात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. लोकांचे मळलेले कपडे धुणारं घर. बाप दारूनं गेला, तेव्हा डेबूजी लहानच होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथं तो गुरं राखायचा, मग मामाच्या शेतात राबला. नांगर, वखर, डवरण, सगळ्यात पक्का गडी.

पण मामा कर्जात अडकला. घरात वाचता येणारं कोणी नाही, कागदावर सावकारानं काय लिहिलं ते कळणार कसं? शेत सावकाराच्या घशात गेलं. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. डेबूजीनं तेव्हाच बघून घेतलं की आपल्या माणसाला तीन गोष्टी खातात: दारू, कर्ज आणि अडाणीपणा. पुढं आयुष्यभर कीर्तनात ते हेच बोलले. पोथीतून घेतलेलं त्यात काही नव्हतं.

सुरुवातही घरूनच केली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे बोकड आणि दारू पाहिजे होती. डेबूजीनं गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले. आजही एखाद्यानं तेरवीचा खर्च कमी केला तर गाव काय बोलतं, आपल्याला माहीत आहे. तेव्हाचं विचारूच नका.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. बायको कुंताबाई आणि लेकरं मागं राहिली. हा भाग मला नेहमी टोचतो. त्या माउलीनं काय सोसलं, ते कोणी फारसं सांगत नाही.

अंगावर चिंध्यांचा कपडा, डोक्यावर मातीचं गाडगं, हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. भाकर त्याच गाडग्यात खायची. रात्री कीर्तन, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. देवाला बोकड कापता, कर्ज काढून सण करता, पोराला शाळेत का घालत नाही, असं समोरच्यालाच विचारायचे आणि त्याच्याकडूनच उत्तर काढायचे. बोली बदलली नाही, जात लपवली नाही, गुरू केला नाही, शिष्य नेमला नाही.

पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळही केली. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. एवढा पैसा हातातून गेला, पण घरच्यांना झोपडीतच ठेवलं. लोकांच्या पैशातली भाकर त्यांना खाऊ दिली नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनीही प्राण सोडला. वाटेतच.