'गझनफर'चे संपादक : हुतात्मा कुर्बान हुसेन

वाचकहो, ईदच्या खरेदीसाठी आपण सारेच नवी पेठेत जातो. तेथून जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे हार घातले जातात. हार घालणारे पुष्कळ. परंतु त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे एका साप्ताहिकाचे संपादक होते, ही गोष्ट आपल्या मुलांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

त्या साप्ताहिकाचे नाव 'गझनफर', म्हणजे सिंह. ज्या वयात आपली मुले कॉलेजच्या परीक्षा देत असतात, त्या वयात या तरुणाने हे पत्र चालविले. पालकहो, त्या काळचे छोटे साप्ताहिक म्हणजे काय, याची कल्पना करा. खिळा खिळा जुळवून मजकूर उभा करावयाचा, प्रुफे तपासावयाची, छापलेले अंक घरोघरी पोहोचवावयाचे. त्यात पैसा मिळण्याची आशा थोडी आणि सरकारी रोष ओढवण्याची भीती मोठी. नोकरी धरून स्वस्थ राहणे सोपे होते. कुर्बान हुसेन यांनी मात्र लेखणीचा मार्ग धरला आणि हिंदू-मुसलमानांच्या एकीचा व कामगारांच्या हक्काचा पुरस्कार केला.

आपले सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर शहराचा दिवस उगवे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येत. अशा गावात एकीचा विषय पुस्तकी नव्हता. साच्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी रोज पडणारी ती गाठ होती.

१९३० साल उजाडले. मिठाचा सत्याग्रह झाला. २७ एप्रिलला सरकारने वृत्तपत्रांवर वटहुकूम काढला. छापखान्यांकडून जबर जामीन मागण्यात येऊ लागले आणि देशभर अनेक पत्रे बंद पडली. मे महिन्याच्या चार-पाच तारखेच्या रात्री गांधीजींना अटक झाली. ही बातमी येताच सोलापुरात हरताळ पडला, मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटविली व दोन पोलीस मारले गेले. पोलीस शहरातून निघून गेले, तेव्हा काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी बंदोबस्त सांभाळला. आमचे वडीलधारे त्या दिवसांविषयी अजून अभिमानाने बोलत असत. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत होता. रस्त्यावर लष्कर आले, झेंडा जवळ बाळगणे हा गुन्हा ठरला.

पोलिसांच्या हत्येचा आरोप या चौघांवर ठेवण्यात आला. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. चौघांनाही फाशीची शिक्षा झाली. अपील झाले, दयेचे अर्ज झाले, देशभरातून विनंत्या गेल्या. कशाचाही उपयोग झाला नाही. सोलापूरकरांनी ही शिक्षा कधीच न्याय्य मानली नाही. जमावाने केलेल्या कृत्यासाठी गावातील नावाजलेले कार्यकर्ते निवडून काढले गेले, असेच लोक समजत आले. प्रस्तुत लेखकाचेही मत तेच आहे.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. त्याच तुरुंगात त्या दिवशी गांधीजीही बंदिवान होते. त्यांची सुटका दोनच आठवड्यांनी, २६ जानेवारीला झाली. तिकडे लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद अद्याप चालू होती. स्वराज्याच्या वाटाघाटी टेबलावर, आणि इकडे विशीतला एक संपादक फासावर!

विद्यार्थी मित्रांनो, सोलापूरहून पुण्याला जाणारी 'हुतात्मा एक्सप्रेस' २००१ मध्ये सुरू झाली. शिक्षणासाठी, मुलाखतीसाठी तुमच्यापैकी कित्येक जण तिने प्रवास करतात. पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा शेजारच्या प्रवाशाला विचारून पाहा, की या गाडीचे नाव ज्यांच्यावरून पडले, त्यांतले वर्तमानपत्र चालविणारे कोण होते?